वशिंडाची म्हस

आबा म्हणजे माझ्या आईचे वडील, साताऱ्याकडचे. त्या मुलखात पलटणीत माणूस असणं ही नवलाची गोष्ट नव्हे. अपशिंगे गावाला तर लोक आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. आबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीबरोबर इटलीत होते, पण लंगरी म्हणून. लंगरी म्हणजे फौजेतला आचारी.

थंडीच्या दिवसांत सोप्यात घोंगडी पांघरून आम्ही नातवंडं बसायचो. आजी हुलग्याचं माडगं वाट्यांत ओतायची आणि आबा चंची सोडायचे. चंची सुटली की इटली सुरू. लढाईचं फारसं नसायचं. खेचरं बर्फात कशी घसरायची, ओली लाकडं कशी पेटवायची, हेच जास्त. तिथल्या डोंगरातल्या म्हाताऱ्या रानातली फळं वाळवून पीठ करायच्या आणि त्याची गोडूस भाकरी दोन तापल्या पत्र्यांत दाबून भाजायच्या. “पण पिठाला विरी न्हाई,” हे आबांचं त्यावर ठरलेलं मत. ते फळ म्हणजे चेस्टनट, हे मला पुढे अमेरिकेत आल्यावर कळलं.

आणि मग यायची ती गोष्ट. “नाताळ नुकताच झालेला. वरनं माणसं खाली आली. काळे गडी, अमेरिकेचे. डोळं लाल, किती रात्री झोप न्हाई कुणास ठाऊक. म्या च्या दिला, भरपूर साखर घालून. खांद्यावर समद्यांच्या म्हस. वशिंडाची म्हस.”

आम्ही खिदळायचो. म्हशीला कुठे वशिंड असतं? घरची म्हैस परसात बांधलेली, तिची पाठ सपाट. आबा म्हणायचे, “असतंय. म्या बघितलंय.” मग गप्प व्हायचे. मामा म्हणायचा, म्हातारा सगळ्या लढाया एकात कालवतो. मलाही तसंच वाटायचं.

अमेरिकेत येऊन मला आता पन्नास वर्षं होत आली. बाल्टिमोरजवळच्या आमच्या गल्लीत समोर एक आजीबाई राहतात. कृष्णवर्णीय, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांचा गुडघा दुखत होता तेव्हा मी खिचडी घेऊन गेले. दिवाणखान्यात त्यांच्या वडिलांचा गणवेशातला फोटो होता, खाली काचेत कापडी बिल्ला. हिरवट कापडावर काळं जनावर. आखूड शिंगं आणि खांद्यावर उंच वशिंड.

माझ्या हातातला डबा मी कुठे ठेवला ते आठवत नाही.

ती अमेरिकेची ९२वी डिव्हिजन. अमेरिकेच्या मैदानांतला रानरेडा, बायसन, हे तिचं चिन्ह. यादवी युद्धानंतर उभ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय पलटणींना तिथल्या मूळ रहिवाशांनी ‘बफेलो सोल्जर’ म्हटलं, ते नाव या डिव्हिजनने खांद्यावर घेतलं. शिपाई काळे, वरचे अधिकारी बहुतेक गोरे. आपल्याकडे जेवायच्या पंगती वेगळ्या असत, इथे फौजाच वेगळ्या होत्या. त्या एकत्र करायचा हुकूम अध्यक्ष ट्रूमन यांनी काढला तो १९४८ साली.

२६ डिसेंबर १९४४ ला इटलीतल्या सेर्कियो नदीच्या खोऱ्यात जर्मनांनी या डिव्हिजनवर हल्ला केला. सोम्मोकोलोनिया नावाच्या डोंगरातल्या खेड्यात लेफ्टनंट जॉन फॉक्स मागे थांबला. शत्रूने घराला वेढा घातला तेव्हा त्याने आपल्याच तोफांना आपल्या जागेवर मारा करायला सांगितलं आणि तो तिथेच गेला. मोडलेली फळी सावरायला धावली ती ८वी भारतीय डिव्हिजन. आबांची पलटण त्याच डिव्हिजनमध्ये होती. म्हणजे तो चहा खरा होता. निदान असणार, असं मी मनाशी धरलंय.

पुढच्या एप्रिलचं मला फार लागतं. ५ तारखेला याच ९२व्या डिव्हिजनमधल्या व्हर्नन बेकरने एका किल्ल्याच्या चढावर मशीनगनचे मोर्चे एकामागून एक उडवले. ९ तारखेला सेनिओ नदीवर आबांच्याच पलटणीतल्या नामदेव जाधवांनी, नगर जिल्ह्यातल्या निमजच्या गड्याने, दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पाण्यातून, सुरुंगांतून बाहेर काढलं आणि परत जाऊन तीन मोर्चे गप्प केले. जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस लगेच मिळाला. बेकरला मेडल ऑफ ऑनर मिळायला १९९७ साल उजाडलं. त्या वेळी सात कृष्णवर्णीय वीरांना ते दिलं गेलं, फॉक्सलाही. सातांत जिवंत होता एकटा बेकर. बावन्न वर्षं! माणसाने एवढं थांबावं कसं?

आबांना पदकबिदक कुठून असणार. १५ ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झालं की माजी सैनिकांना पुढे बोलवायचे. आबा मागे चिंचेखाली बसून राहायचे. “म्या काय बंदूक धरली व्हय? भाकऱ्या थापल्या,” म्हणायचे. कुणी त्यांना हाताला धरून उठवलं नाही. मीही नाही, आणि तेव्हा मी चांगली कळती होते.

गेल्या ११ नोव्हेंबरच्या आधीच्या रविवारी आजीबाई मला त्यांच्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. १९१८ मध्ये पहिलं महायुद्ध थांबलं तो हा दिवस; १९५४ पासून तो फौजेत सेवा केलेल्या सगळ्यांचा, व्हेटरन्स डे. दाराशी एक लहानसं टेबल मांडलं होतं. पांढरं कापड, रिकामी खुर्ची, पालथा पेला, गुलाब. बशीत चिमूटभर मीठ आणि लिंबाची फोड. न परतलेल्यांसाठी मांडतात ते. लिंबू त्यांच्या कडू नशिबाचं, मीठ घरच्यांच्या आसवांचं. मला मात्र पान वाढायला घेतल्यासारखंच दिसलं. आधी मीठ, मग लिंबू, आता बाकीचं यायचंय.

मग ज्यांनी सेवा केली त्यांनी, आणि जे हयात नाहीत त्यांच्या घरच्यांनी, उभं राहावं असं सांगितलं गेलं. आजीबाई काठी टेकत उठल्या. मी बसून होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

“ते स्वयंपाकी होते,” मी हळूच म्हटलं.

“ठाऊक आहे, हनी,” त्या म्हणाल्या, आणि हात सोडला नाही.

मी उभी राहिले.