शूलपाणीची झाडी : नर्मदा परिक्रमेतला नंदुरबारचा पहिला दिवस कसा असतो?

नर्मदा परिक्रमेचे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. घाट, आरती, काठी घेतलेले बाबाजी आणि 'नर्मदे हर'. पण पायी जाऊन आलेल्या माणसाला गाठा आणि सगळ्यात अवघड टप्पा कुठला ते विचारा. बहुतेक जण एकच नाव घेतील : शूलपाणीची झाडी. आणि या झाडीचा मोठा भाग आपल्या नंदुरबार जिल्ह्यात आहे.

नर्मदा 1312 किलोमीटर वाहते, त्यातली जेमतेम 54 किलोमीटर महाराष्ट्राच्या सीमेवरून. अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा हे तिच्या काठचे दोन तालुके. ओंकारेश्वरहून निघालेले लोक दक्षिण काठाने पश्चिमेकडे चालतात, म्हणजे नदी कायम उजव्या हाताला. बडवानी, राजघाट मागे पडलं की सातपुड्याचा चढ लागतो आणि मध्य प्रदेशातल्या भादलच्या पुढे महाराष्ट्राची हद्द सुरू होते. उपनद्या ओलांडलेल्या चालतात, पण समुद्रापर्यंत पोचल्याशिवाय नर्मदा ओलांडायची नाही.

आता नकाशा बघून तुम्ही म्हणाल, नदीच्या कडेकडेनेच तर जायचंय. पण ती कडच आता पाण्याखाली आहे. सरदार सरोवर सप्टेंबर 2019 मध्ये पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत पूर्ण भरलं. महाराष्ट्रातली 33 गावं त्याच्या बुडितात आली. मणिबेली, डोमखेडी, निमगव्हाण, भुषा ही त्यातलीच नावं. जुनी काठावरची वाट गेली आणि ज्याच्यावरून झाडीला नाव मिळालं ते शूलपाणेश्वराचं जुनं मंदिरही गेलं. नवं मंदिर गुजरातमध्ये गोऱ्याजवळ बांधलंय.

म्हणून पहिल्या दिवशी जो दमछाक करतो तो चढ एकटा नसतो. धरणाचं पाणी प्रत्येक ओढ्याच्या खोऱ्यात आत शिरलंय. समोरच्या टेकडीवरचं घर डोळ्यांना दिसतं, कोंबड्याचं आरवणंही ऐकू येतं, पण मध्ये पाणी. तेही नर्मदेचंच मानून बरेच परिक्रमावासी होडीत बसत नाहीत. मग खोऱ्याच्या टोकापर्यंत जायचं, वळसा घालायचा, पुन्हा चढायचं. किती किलोमीटर झाले हा हिशेब इथे फसतो. किती टेकड्या झाल्या ते मोजा.

पाठीवरचं ओझं इथेच बोलायला लागतं. पूर्वी ते हलकं करायची वेगळीच 'सोय' होती. झाडीत परिक्रमावासींना लुटलं जायचं, अगदी अंगावरच्या लंगोटीपर्यंत. लुटणाऱ्यांना 'मामा' म्हणायचे, आणि मय्याच आपली आसक्ती काढून घेते अशी त्यामागची श्रद्धा. ही गोष्ट आजही चवीने सांगितली जाते. त्यात भिल्ल म्हणजे लुटारू असा शिक्का मात्र फुकटात मारला जातो, तो खटकतो. जंगलावरचा हक्क गेलेल्या, पोटाला नीट न मिळणाऱ्या माणसांच्या मुलखातून कांबळी-भांडी घेऊन वाटसरू जात होते, हे सांगायचं राहून जातं.

आता ती लूट थांबली आहे. उलट याच पाड्यांवर भिल्ल आणि पावरा कुटुंबं दमलेल्या माणसाला पाणी देतात, अंगणात 'आसन' लावू देतात, भाकरी वाढतात. परिक्रमेच्या भाषेत याला 'मय्याने सोय केली' म्हणतात. श्रद्धा म्हणून ठीक आहे. पण ते पीठ एका घराचं असतं, आणि त्या घराची नदीकाठची शेती कदाचित खाली पाण्यात असते. त्यामुळे शिधा सोबत असेल तर तो आधी त्यांच्या हाती द्या, आणि फोटो काढण्याआधी विचारा. बोली भिली किंवा पावरी असली तरी मराठी-हिंदीवर काम भागतं.

सामान किती घ्यावं? स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवलंत तर पहिली संध्याकाळ बरी जाते. एक कांबळ (डिसेंबरात रात्री चांगलीच थंडी पडते), एक जोडी कपडे, पाण्याच्या दोन बाटल्या, विजेरी, नेहमीची औषधं आणि संकल्पाच्या जलाची छोटी कुपी. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून पुढच्या पाड्याचं नाव कागदावर लिहून घ्या. आणि दुपारी तीननंतर नवा डोंगर चढायला घेऊ नका. वस्ती दिसली की थांबा. अंधारात वाट चुकली तर विचारायला कोणी भेटत नाही.

हे झेपणार नसेल तर दुसरा रस्ता आहे : खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा. गाडीने परिक्रमा करणारे याच सडकेने जातात, आणि पायी चालणारेही अनेक जण हाच धरतात. सपाट आहे, दुकानं आहेत, दवाखाने आहेत. फक्त नर्मदा दिसत नाही. ती डोंगरापलीकडे राहते आणि प्रकाशाला समोर येते ती तापी. दोन्ही वाटांचे लोक पुन्हा गुजरातमध्ये, गोऱ्याच्या बाजूला एकमेकांना भेटतात.