न्हाणीघराचा उंबरठा



इतिहासावर बोलायचे तर राजवाडे, लढाया आणि सनदा यांच्याकडे वळावे, अशी आपल्या ग्वाल्हेरातील जुनी रीत आहे. मी मात्र आज आपल्याला न्हाणीघरापर्यंत नेणार आहे. ज्यांचे चलनवलन मर्यादित झाले आहे, अशा माणसांना शौच, स्नान, वस्त्र नेसणे ही नित्यकर्मे आपली आपण करता यावीत, यासाठी गेल्या शतकात मोठे प्रयत्न झाले. त्यांचा इतिहास सहसा सांगितला जात नाही; कारण ही कामे चारचौघांत बोलण्याची नव्हेत, असा आपला समज आहे. या संकोचाची किंमत मी घरात पाहिली आहे.

1988 साली लष्कर भागातील आमच्या वाड्यात माझी आई पाय घसरून पडली. शस्त्रक्रियेने मांडीचे हाड सांधले गेले. पण संडास चौकापलीकडे तीन पायऱ्या उतरून, आणि न्हाणीघराला वीतभर उंचीचा उंबरठा! काही दिवसांनी ध्यानात आले, की तिने पाणी पिणे जवळजवळ सोडले आहे. पाणी प्यायले की उठावे लागते आणि उठायचे तर सुनेला हाक मारावी लागते. त्यापेक्षा तहान बरी, असा तिचा हिशेब होता. आम्ही सेवेत कमी पडत नव्हतो. तिला सेवा नको होती, स्वतः जाता यायला हवे होते, एवढेच आम्हांला उमगत नव्हते.

याच्या वीस वर्षे आधी जयपुरात हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला होता. तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांना दिसून आले, की कृत्रिम पाय बसवून घेतलेले रुग्ण पुन्हा कुबड्या घेऊन हिंडतात. त्या पायात दोष नव्हता. तो परक्या राहणीसाठी घडवलेला होता. पाश्चात्त्य धाटणीच्या त्या पायाचा घोटा ताठ असे आणि वर बूट चढवावा लागे. आपला माणूस शौचाला उकिडवा बसतो, जेवायला मांडी घालतो, देवघरात अनवाणी जातो, चिखलात नांगर धरतो. यांपैकी एकही गोष्ट त्या पायाने साधत नव्हती. डॉ. सेठींच्या जोडीला रामचंद्र शर्मा हे कारागीर होते. त्यांचे औपचारिक शिक्षण बेताचे, पण हात विलक्षण कुशल. रबर आणि लाकूड यांच्या मेळातून, वरून रबराचेच कातडीच्या रंगाचे आवरण देऊन, सर्व बाजूंना वळणारे पाऊल त्यांनी घडवले. 1968 च्या सुमारास पुढे आलेले हे पाऊल ‘जयपूर फूट’ या नावाने जगभर गेले. 1975 साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते गरिबांना विनामूल्य बसवून देण्याचे कार्य आरंभले. 1981 साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचे नाव त्या मानाने थोड्यांनाच ठाऊक झाले.

पाय गमावणे वेगळे आणि पाठीच्या कण्याला इजा होऊन कंबरेखालची संवेदनाच जाणे वेगळे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे रुग्ण बहुधा शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचे विकार यांनी अल्पकाळात दगावत. नाझी राजवटीतून निसटून इंग्लंडला आलेल्या डॉ. लुडविग गुटमान यांनी 1944 साली स्टोक मँडेव्हिल येथे या रुग्णांसाठी विभाग उघडला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस पालटायची आणि मूत्राशयाची निगा काटेकोरपणे राखायची, असा त्यांचा दंडक होता. पुढे रुग्णाला स्वतः कपडे घालायला आणि खुर्चीत सरकायला शिकवले जाई. 29 जुलै 1948 रोजी तेथेच 16 जखमी सैनिक स्त्रीपुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. पॅरालिंपिकचे मूळ ते हेच. 1965 च्या युद्धात जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी 1972 साली हायडेलबर्ग येथे जलतरणात सुवर्णपदक मिळवले, ते याच परंपरेतले. पदक आपल्या स्मरणात राहते. त्यामागची कूस पालटण्याची रात्रपाळी राहत नाही.

मराठी मुलखात हा विषय उघडपणे बोलण्याचे धैर्य कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी दाखवले. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यांच्या कमरेखालचा भाग लुळा पडला. 1984 साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि पुढे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन लिहिले. खुर्चीवरच्या माणसाने स्वतःच्या गरजा स्वतःच्या शब्दांत सांगाव्यात, हे मला त्यातले ऐतिहासिक पाऊल वाटते.

माझ्या आईचेही असेच झाले. आम्ही बाजारातून आणलेली लोखंडी खुर्ची इतकी उंच होती, की तिचे पाय लोंबकळत. शेवटी घरच्या सुताराने तिलाच विचारले, “आजी, तुम्हांला काय हवे?” तिने सांगितले, की एका हाताने आधार धरला तर नऊवारीचा कासोटा एका हाताने सुटत नाही आणि खोचताही येत नाही. सुताराने तिच्या गुडघ्यापर्यंतचे माप घेतले, जुन्या खुर्चीच्या बैठकीला भोक पाडून खाली भांडे बसवले आणि समोर छातीशी टेकता येईल असा आडवा दांडा ठोकला, म्हणजे दोन्ही हात मोकळे. न्हाणीघराचा उंबरठा फोडून उतार केला. आठवडाभरात उशाशी पाण्याचा तांब्या पुन्हा दिसू लागला.

अपंग, विकलांग, दिव्यांग असे शब्द आपण पालटत आलो. उंबरठे मात्र पुष्कळसे तसेच आहेत. 1995 च्या कायद्यात सार्वजनिक इमारतींना उतार आणि खुर्चीधारकांना वापरता येतील अशी स्वच्छतागृहे यांचा उल्लेख होता, पण ‘आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत’ अशी पळवाटही होती. 2016 च्या कायद्याने शाळांच्या इमारती व सोयी सर्वांना वापरण्याजोग्या करण्याचे दायित्व स्पष्ट शब्दांत घातले.

आज या सभागृहाकडे येताना मी सहा पायऱ्या कठडा धरून चढलो. स्वच्छतागृहात धरायला दांडी नाही. माझे निभावले, पण चाकाच्या खुर्चीतले मूल या शाळेत दाखल झाले, तर तेही माझ्या आईप्रमाणे दिवसभर तहानलेले राहील. माजी विद्यार्थी वर्गणी काढून दरवर्षी काही ना काही भेट देतात. यंदा तसबीर नको. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार, रुंद दार आणि दोन दांड्या असलेले एक स्वच्छतागृह द्यावे. आणि बांधण्यापूर्वी, ज्यांना ते वापरायचे आहे त्यांना एकदा विचारावे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांना ही भेट आवडली असती, असे मला वाटते.