गाळणीची कहाणी आणि जायफळाची कॉफी

कॉफीची भुकटी दुधात उकळावयाची, तीत जायफळ उगाळून घालावयाचे आणि फडक्याने गाळून पाहुण्यांपुढे ठेवावयाची, ही रीत आम्ही वाडवडिलांकडून घेतली. सुवास उत्तम, परंतु तळाशी गाळ आणि जिभेवर कडवटपणा राहतोच.

हीच अडचण जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेन्ट्‌स या गृहिणीस छळीत होती. तिने एका पितळी भांड्याच्या बुडास भोके पाडली, मुलाच्या वहीतील टीपकागद आत बसविला, त्यावर भुकटी घालून गरम पाणी ओतले. खाली स्वच्छ कॉफी उतरली. १९०८ साली या गाळणीची पेटंट कार्यालयात नोंद झाली आणि त्याच वर्षी अवघ्या ७३ फेनिगांच्या भांडवलावर तिने कंपनी स्थापन केली.

यातील मर्म साधे आहे. सुवास आधी उतरतो, कडू अंश मागाहून. भुकटी उकळत राहिली की तो कडूपणाही पेल्यात येतो. पाणी एकदाच झिरपून गेले तर बराचसा चोथ्यातच राहतो. दक्षिणेतील दुमजली पितळी फिल्टर कागदावाचून हेच काम करतो.

मग आम्ही जायफळ सोडावे काय? मुळीच नाही. अर्क फिल्टरमध्ये निराळा उतरवावा, जायफळ दुधात उकळावे आणि शेवटी दोन्ही एकत्र करावे. रीत सुधारली तरच ती टिकते. एरवी नातवंडे बाटलीतील तयार भुकटीकडे वळतात, हे आम्ही आमच्याच घरांत पाहिले आहे.