असकृत्कर्माची कुळकथा

सूर्यग्रहणाचा मध्य काढताना जुन्या ज्योतिष्यांपुढे मोठी अडचण यायची. अमावास्या संपण्याचा क्षण गणिताने मिळतो. पण आपण पृथ्वीच्या पाठीवरून पाहतो, त्यामुळे चंद्र थोडा सरकलेला दिसतो आणि ग्रहणमध्य जास्तीत जास्त 4 घटिका मागेपुढे होतो. हे लंबन. ते काढायला ग्रहणमध्याची वेळ हवी आणि ती वेळ काढायला लंबन हवे! त्यात वेळ ज्येच्या (साइनच्या) आत अडकलेली, म्हणून सरळ सूत्राने ती सुटी होत नाही. अशा समीकरणांना आज ट्रान्सेंडेंटल म्हणतात.

सूर्यसिद्धान्ताच्या परंपरेने यावर तोड काढली ती असकृत्कर्माची. अंदाजे वेळ धरा, लंबन काढा, वेळ सुधारा, पुन्हा लंबन काढा. उत्तर हलेनासे होईपर्यंत. नवव्या शतकात बगदादच्या हबश या ज्योतिष्यानेही याच घाटाचे समीकरण असेच सोडवले. सतराव्या शतकात केप्लरला ग्रहांच्या कक्षांसाठी तेच रूप भेटले.

कोकणाने या कुळात आपली भर घातली. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 च्या ‘ग्रहलाघवा’त ज्या-चापांना फाटा देऊन पंचांगाचे गणित हलके केले. मला हे फार मोठे काम वाटते. भारतीय ज्योतिषाच्या या परंपरेचा इतिहास 1896 मध्ये मराठीत आणला तो शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी. तेही कोकणातलेच, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातल्या मुरूडचे.

अर्थशास्त्रात हीच गाठ व्याजामुळे पडते. 1849 मध्ये जर्मनीच्या फाउस्टमानने जंगल कधी तोडावे याचा हिशेब व्याज धरून मांडला. आपल्याकडे हापूसची बाग घेऊ. किंमत आज 10 लाख, दरवर्षी 2 लाखांची वाढ. तेवढीच रक्कम 8 टक्के चक्रवाढीने ठेवली, तर ठेव बागेला कधी गाठेल? वर्षे एकीकडे घातांकात, दुसरीकडे साध्या गुणाकारात.

20 वर्षे धरा. बागेची किंमत 50 लाख होते. ठेवीला तिथे पोचायला 20.91 वर्षे लागतात. आता 20.91 धरा, 21.38 येते, मग 21.61, 21.72, आणि शेवटी 21.83 वर स्थिरावते. हाच हिशेब उलटा केला, म्हणजे ठेवीच्या रकमेवरून बागेची वर्षे काढली, तर 20 वरून 18.3 येते आणि पुढे आकडा घसरत थेट शून्यावर जातो. शून्यही खरे उत्तर आहे, कारण पहिल्या दिवशी दोन्ही रकमा सारख्याच असतात; पण बागायतदाराला हवे ते उत्तर हे नव्हे. म्हणून फेरे मारण्याआधी समीकरण कोणत्या बाजूने मांडायचे, हे पारखावे लागते.