शाळेविरुद्धचं गाणं, शाळेतल्याच मुलांचं

शाळेच्या स्मरणिकेत शाळेवर तोंडसुख घेणाऱ्या गाण्याबद्दल लिहितेय, म्हणून सर आणि बाईंची आधीच परवानगी मागते. पिंक फ्लॉइडचं 'अनदर ब्रिक इन द वॉल' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कॉलेजात गेल्यावर ऐकलं. आमच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर परीक्षेच्या आदल्या रात्री ते हमखास वाजायचं.

गाणं रॉजर वॉटर्सचं. १९४४ साली इटलीत आन्झिओच्या लढाईत वडील गेले, तेव्हा तो जेमतेम पाच महिन्यांचा होता. पुढे केंब्रिजच्या शाळेत मुलांना दाबून ठेवणारे काही शिक्षक वाट्याला आले. माणूस स्वतःभोवती भिंत बांधत जातो आणि मनाला लागलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे त्यातली एक वीट, ही 'द वॉल' या अख्ख्या अल्बमची कल्पना. मराठीत 'वीट येणे' म्हणतात तो अर्थही इथे फिट्ट बसतो, हे बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

गाण्याची गाजलेली पहिली ओळ व्याकरणात चुकलेली आहे. एकाच वाक्यात दोन नकार. आमच्या प्रोग्रामिंगमध्ये दोन नकार एकमेकांना खोडतात. लंडनच्या गल्लीतल्या बोलीत मात्र दुसरा पहिल्याला जोर देतो, आपल्या 'अजिबात म्हणजे अजिबात नाही'सारखा. इंग्रजीच्या बाईंनी त्याला लाल शाईचा गोल केला असता. पण ओळ शुद्ध केली, तर तिच्यातलं पोर निघून जातं.

ही पोरं खरीच होती. आधी गाण्यात एकच कडवं होतं. निर्माता बॉब एझ्रिनला ते वाढवायचं होतं, म्हणून तेच कडवं मुलांकडून पुन्हा गाऊन घ्यायचं ठरलं. १९७९ साली लंडनमध्ये स्टुडिओजवळच्या इझलिंग्टन ग्रीन शाळेतली २३ मुलं आली. त्यांना घेऊन आले ते त्यांचेच संगीत शिक्षक, अ‍ॅलन रेनशॉ. शिक्षकांना हटकणारं हे गाणं एका शिक्षकाच्या उत्साहावर उभं आहे, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं सत्य वाटतं. मुलांचे आवाज एकावर एक चढवून मधल्या सुट्टीतला गलका तयार केला गेला. त्या नाताळात गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं.

त्याचा खरा कस लागला १९८० मध्ये, दक्षिण आफ्रिकेत. वर्णद्वेषी राजवट गोऱ्या मुलांवर भरपूर खर्च करी आणि इतरांच्या पदरात निकृष्ट शाळा टाकी. त्याविरुद्ध बहिष्कार पुकारलेल्या विद्यार्थ्यांनी हेच गाणं उचललं आणि सरकारने त्यावर बंदी घातली. त्या मुलांना शिक्षण हवंच होतं, बरोबरीचं हवं होतं. 'नको' म्हणणारं गाणं त्यांनी 'असलं नको' या अर्थाने गायलं. वॉटर्सचाही रोख तोच होता.

इझलिंग्टनच्या शाळेला त्या वेळी हजार पौंड मिळाले होते. २००४ साली गाण्याच्या मानधनातला मुलांचा वाटा मागायची वेळ आली, तेव्हा चाळिशीला टेकलेल्या त्या जुन्या वर्गमित्रांची शोधाशोध सुरू झाली.