कातळावरचा हत्ती आणि आमचे ताट

‘जुने ते सोने’ हे वचन आम्ही अलीकडे पोटालाही लावू लागलो आहो. १९७५ साली वॉल्टर व्होग्टलिन या अमेरिकन डॉक्टराने अश्मयुगीन आहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांच्या ग्रंथाने तो विचार जगभर नेला. धान्य, कडधान्य व दूध वर्ज्य करावे, मांस, मासे, फळे व भाज्या खाव्यात, म्हणजे देह हलका होईल, हा त्याचा सारांश. पेजभातावर वाढलेल्या रत्नागिरीकरांनी हे मानावे काय?

साक्षीदार आमच्या सड्यांवरच आहेत. कोकण-गोव्यातील नऊ कातळशिल्पस्थळे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आली. त्यांपैकी उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे ही सात या जिल्ह्यातली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद आहे. शिल्पांच्या काळाविषयी पंडितांत मतभेद आहेत. परंतु त्यांत आज कोकणात नसलेला गेंडा आहे, आणि शेतीचे दृश्य आढळलेले नाही. सबब ती शिकारी व संग्राहक माणसांनी कोरली असावीत, असे अनुमान निघते.

पण म्हणून ती माणसे केवळ मांसावर जगत होती, असे ठरत नाही. मनुष्य ज्याला भितो वा पूजतो ते कोरतो. रोज खणून खाल्लेला कंद कोरीलच असे नाही. शिवाय दगड टिकतो, कंदाची साल कुजते. जेथे असा पुरावा टिकला, तेथे काय दिसते? गॅलिली सरोवराकाठी ओहालो येथे सुमारे २३,००० वर्षांपूर्वी, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधी, माणसे रानटी जव गोळा करून दगडावर दळीत होती. धान्य आदिमानवाला ठाऊकच नव्हते, हे म्हणणे येथेच ढासळते.

पुणे जिल्ह्यातील इनामगावची कथा तर अधिक बोलकी आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान घटले, शेती खालावली, आणि ते शेतकरी पुन्हा शिकारीकडे व पशुपालनाकडे वळले. त्यांची ऐसपैस घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. हे आरोग्यव्रत नव्हते, आपत्ती होती.

मग या आहाराने वजन उतरते ते का? साखर, मैदा व तळण सुटते, एकूण खाणे कमी होते, म्हणून. हा लाभ खरा आहे. पण त्यासाठी भाताला आरोपी करण्याचे कारण नाही. कणगी, करांदे, शेवळे, कालवे हे रानाचे व खाडीचे अन्न आमच्या ताटात आजही भाताशेजारी नांदते. पूर्वजांचे अनुकरण करावयाचेच, तर त्या अन्नासाठी ते किती चालत व किती खणत, तेथून आरंभ करावा.