नाताळचा फराळ : इटली, मेक्सिको आणि गोमंतक

'नाताळ' हा शब्द मूळचा पोर्तुगीज. समुद्रापासून दूर असलेल्या शिरूर अनंतपाळच्या मराठीतही तोच रूढ आहे. सणाचे नाव असे जलमार्गाने आले. त्याचा फराळ मात्र कोठून आला, हा प्रश्न धर्मांतराच्या इतिहासकारांनी सहसा विचारलेला नाही. स्वयंपाकघर हे इतिहासाचे साधन होऊ शकते, यावर त्यांचा फारसा विश्वास नसावा.

इटलीत हा प्रश्न सोपा आहे. नाताळच्या पूर्वरात्री मांस वर्ज्य करण्याची धर्मरीत तेथे शतकानुशतके चालत आली; त्यामुळे नेपल्समध्ये त्या रात्री वाम आणि खारवलेला कॉड मासा रांधला जातो. तेथे धर्मनियम आणि चूल एकत्रच वाढली.

मेक्सिकोची गोष्ट वेगळी. १५२१ मध्ये स्पॅनिश सैन्याने अ‍ॅझ्टेकांची राजधानी जिंकली. त्यापूर्वीपासून तेथील लोक मक्याच्या पिठाचे सारण भरलेले उंडे पानात गुंडाळून वाफवीत व देवकार्यात अर्पण करीत. 'तमाल' नावाच्या या पदार्थाचे वर्णन सोळाव्या शतकातील फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक साहागुन याने करून ठेवले आहे. देव गेले, तमाल राहिला. आज तो नाताळच्या पानात स्पेनहून आलेल्या खारवलेल्या कॉडच्या शेजारी असतो.

गोमंतकाचे साम्य याच्याशी आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. १५६० मध्ये तेथे धर्मन्यायपीठ, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले आणि १७७४ ते १७७८ हा खंड सोडल्यास ते १८१२ पर्यंत चालले. त्याचे १७३६ चे फर्मान या दृष्टीने विशेष वाचनीय आहे. प्रा. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या न्यायपीठाची साधनसामग्री एकत्र केली आहे. नवख्रिस्ती घरांतून तुळस लावू नये, इतकेच नव्हे तर हिंदूंप्रमाणे भात अळणी शिजवून मीठ मागाहून घेऊ नये, असा बारकावा त्या फर्मानात आढळतो. सत्तेची नजर भाताच्या तपेल्यापर्यंत पोहोचली होती. धर्मांतराला दोन शतके होत आली तरी असे हुकूम काढावे लागले, हीच जुन्या चालींच्या चिवटपणाची साक्ष होय.

आणि तरीही नेवरी टिकली. ही नेवरी म्हणजे लातूर-नांदेडकडील दिवाळीची करंजीच. गोव्यातील हिंदू घरांत ती गणेशचतुर्थीला होते, ख्रिस्ती घरांत नाताळला. पारी तीच, खोबऱ्याचे सारण बहुतांशी तेच. बदलले ते केवळ पंचांग. नैवेद्याच्या ताटातून उचलल्यावर नेवरीत निषिद्ध ठरविण्याजोगे काही उरले नाही, असे अनुमान करता येते. शिवाय नव्या सणालाही गोडधोड हवेच होते, आणि तळणारे हात जुनेच होते.

तिच्या जोडीला परकी पक्वान्नेही आली. अंड्यांचा बलक, साखर, तूप व नारळाचे दूध यांची बेबिंका थरावर थर देत, झाकणावर निखारे ठेवून भाजतात. बलक आणि साखर यांच्या मिठायांची परंपरा पोर्तुगालची, नारळाचा रस कोकणचा. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि काळा गूळ यांचे 'दोदोल' त्याच नावाने मलाया-इंडोनेशियातही प्रसिद्ध आहे. सारणातला काजू तर ब्राझीलचा. तो पोर्तुगीजांनीच आणला.

वसईच्या मराठीभाषक ख्रिस्ती समाजाचा दाखलाही येथे महत्त्वाचा आहे. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेली वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. राज्य मराठ्यांचे झाले तरी तो समाज ख्रिस्तीच राहिला. नाताळच्या फराळावर दाब आणणारी सत्ता तेथे उरली नव्हती. तरी नेवरी तेथेही नाताळलाच राहिली. तेव्हा केवळ सक्तीच्या इतिहासाने या फराळाचा उलगडा होत नाही.

पोर्तुगालमध्ये 'कोन्सोआदा' म्हणजे नाताळच्या पूर्वरात्रीचे घरगुती भोजन. गोव्यात या शब्दाचा अर्थ पालटून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे धाडावयाचे फराळाचे तबक असा झाला. ते तबक हिंदू घरीही जाते, आणि चतुर्थीला त्या घरून नेवऱ्या परत येतात.